अमेरिकेत वसाहतोत्तर सिद्धांताचा अभ्यास: अर्जापासून तोंडी परीक्षेपर्यंत

अमेरिकेतल्या पीएचडीत कोर्सवर्क संपल्यावर आणि प्रबंध सुरू होण्याआधी एक मोठी परीक्षा असते. इथे तिला 'कॉम्प्स' म्हणतात. माझी मार्च २०२५ मध्ये झाली. विषय होता अमेरिका खंडांमधला वसाहतोत्तर विचार: कॅरिबियन बेटं, लॅटिन अमेरिका आणि उत्तरेकडच्या मूलनिवासी राष्ट्रांचं लेखन. आपल्याकडे इंग्रजी किंवा समाजशास्त्रात एमए करून या विषयासाठी इकडे यायचा विचार असेल, तर व्हिसाबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात, पण अभ्यास नेमका कुठे अडतो हे सांगणारं फारसं कुणी भेटत नाही. म्हणून क्रमाने लिहितेय.

अर्ज डिसेंबर २०२१ मध्ये केले. मानव्यशाखांतल्या बहुतेक पीएचडींची मुदत १ ते १५ डिसेंबरच्या आसपास संपते. अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर, त्यामुळे पाच-सहा ठिकाणी अर्ज केले तरी रक्कम चांगलीच जाणवते. फीमाफीसाठी विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला नोव्हेंबरातच साधा ईमेल करावा. विचारलं तर पुष्कळदा मिळते, न विचारता क्वचितच. तीन शिफारसपत्रं, वीस-पंचवीस पानांचा लेखनाचा नमुना आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज एवढं लागतं. जीआरई बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे, तरी त्या वर्षीची अट वाचूनच काय ते ठरवा. 'मला वसाहतोत्तर सिद्धांताचा अभ्यास करायचा आहे' एवढंच लिहिलेलं स्टेटमेंट कुणाच्या लक्षात राहत नाही. कोणतं साम्राज्य, कोणतं शतक, मूळ साधनं कोणत्या भाषेत आणि त्या भाषेत तुमची तयारी किती, हे पहिल्याच पानावर यायला हवं.

त्याहून मोठा निर्णय विभागाचा. तुम्ही काय वाचणार ते प्राध्यापकापेक्षा विभाग जास्त ठरवतो. इंग्रजी विभागात सी. एल. आर. जेम्स, सिल्विया विंटर असे इंग्रजीत लिहिणारे कॅरिबियन लेखक नीट मिळतात, पण लॅटिन अमेरिका अनुवादातून. स्पॅनिश-पोर्तुगीज विभागात टीचिंग असिस्टंटशिप म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना स्पॅनिश शिकवणं, त्यामुळे भाषा आधीच पक्की हवी. एथ्निक स्टडीज किंवा नेटिव्ह अमेरिकन स्टडीजमध्ये जमीन आणि करार यांचा प्रश्न मध्यभागी असतो. मी तुलनात्मक साहित्य घेतलं, कारण तिथे भाषांची अट प्रवेशानंतरही पुरी करता येते आणि मराठी ही त्यातली एक भाषा म्हणून धरली जाऊ शकते. हे गृहीत मात्र धरू नका, लेखी विचारून घ्या.

निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. आर्थिक मदतीसह आलेला प्रवेश स्वीकारायला बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. कुणी आधीच घाई करत असेल तर ही तारीख नम्रपणे दाखवावी. पुढे विद्यापीठाकडून आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) येतो, मग परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, म्हणजे सेव्हिसची ३५० डॉलर फी, व्हिसाच्या अर्जाचा डीएस-१६० फॉर्म आणि व्हिसाची फी. ती २०२२ मध्ये १६० डॉलर होती, २०२३ पासून १८५ झाली. त्या उन्हाळ्यात मुलाखतीची तारीख मिळवण्यासाठी रोज स्क्रीनसमोर बसावं लागत होतं, आणि प्रवेश हातात असूनही तो हातचा जाईल ही धास्ती काही सुटत नव्हती. खिडकीवर सिद्धांत समजावत बसू नये. विषय तुलनात्मक साहित्य, ट्यूशन माफ, शिकवण्याच्या बदल्यात वेतन, हे तीन तुकडे आणि विभागाचं फंडिंगचं पत्र पुरतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्या सत्राचा थिअरीचा सेमिनार म्हणजे दर आठवड्याला एक पुस्तक आणि दोन लेख, अडीचशे-तीनशे पानं. सईदचं 'ओरिएंटॅलिझम' (१९७८), १९८२ पासून निघालेले सबाल्टर्न स्टडीजचे, म्हणजे तळागाळातल्यांच्या इतिहासाचे खंड, स्पिवाकचा सबाल्टर्नबद्दलचा निबंध (१९८८), भाभा (१९९४). हे सगळं आपल्याकडे एमएला झालेलं असतं, म्हणून सुरुवातीला हायसं वाटतं. अडचण दुसऱ्या सत्रात येते.

आपल्या डोक्यात वसाहतवादाचं एक चित्र पक्कं असतं: मूठभर गोरे अधिकारी, प्रचंड देशी प्रजा, १९४७ साली सत्तांतर आणि मग ते आपल्या देशी परतले. अमेरिका खंडांत यातलं जवळपास काहीच जुळत नाही. इथली सुरुवात १४९२ ची. हैती १८०४ मध्ये स्वतंत्र झाला, ब्राझील १८२२ मध्ये, आणि दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा स्पॅनिश अंमल १८२० च्या दशकात संपला. आफ्रिकेच्या वाटणीसाठी बर्लिनची परिषद १८८४ मध्ये भरली, तेव्हा इथली 'वसाहतोत्तर' राष्ट्रं साठ वर्षांची झाली होती. ती उभी केली कुणी? हैतीत गुलामांनी बंड करून. इतरत्र बहुतांशी क्रिओलांनी, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या युरोपीय वंशजांनी. मूलनिवाशांना जमिनी परत मिळाल्या नाहीत. गुलामगिरी क्यूबात १८८६ पर्यंत आणि ब्राझीलमध्ये १८८८ पर्यंत चालू राहिली. उत्तरेत तर वसायला आलेले परत गेलेच नाहीत. म्हणून 'उत्तर' म्हणजे नेमकं कशाच्या नंतरचं, हा वाद इथे अभ्यासक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात निघतो आणि शेवटपर्यंत मिटत नाही.

गोव्याच्या विद्यार्थ्याला ही फट चटकन दिसावी. १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल, आणि त्याच पोर्तुगालची ब्राझील ही वसाहत १८२२ मध्ये सुटलेली. सईदचा भर ब्रिटिश आणि फ्रेंच लेखनावर, मुख्यतः अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे. स्पेन-पोर्तुगालची पहिली तीनशे वर्षं त्या चौकटीत मावत नाहीत. पहिल्या वर्षाच्या पेपरांत सर्रास होणारी गफलत इथेच आहे: भाभाची 'मिमिक्री' (वसाहतीतल्या माणसाने केलेली राज्यकर्त्याची जवळपास हुबेहूब, पण पूर्ण नाही अशी नक्कल) उचलायची आणि सोळाव्या शतकातल्या पेरूवर चिकटवायची. ती संकल्पना ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शिक्षणधोरणाच्या, मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणासारख्या कागदांतून घडली आहे. ती पेरूत चालते की नाही हे आधी सिद्ध करावं लागतं.

पेरूसाठी हाताशी हवा ग्वामान पोमा. या अँडियन लेखकाने १६१५ च्या सुमारास स्पेनचा राजा तिसरा फिलिप याला उद्देशून जवळपास १२०० पानांचा ग्रंथ लिहिला. स्पॅनिशमध्ये मिसळलेली केचुआ ही अँडीजमधली भाषा आणि ३९८ पूर्ण पानी चित्रं. हस्तलिखित १९०८ मध्ये कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत लक्षात आलं, आणि २००१ पासून त्याची सगळी पानं इंटरनेटवर फुकट पाहता येतात. मजकूर जड जातो, म्हणून आधी फक्त चित्रं पाहा: कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोण वर, कोण खाली. अँडियन अवकाशाचे अर्थ आणि ख्रिस्ती चित्रपद्धती एकाच चौकटीत बसवलेली दिसते. मग मेरी लुईस प्रॅटचा १९९१ चा 'कॉन्टॅक्ट झोन' हा निबंध वाचा, तो याच ग्रंथावर उभा आहे. उलट क्रमाने वाचलं तर संकल्पना पाठ होते, पण तिची गरज का पडली ते कळत नाही.

भाषेचं काम पहिल्या उन्हाळ्यातच सुरू करावं. वाचनापुरती स्पॅनिश शिकवणारे कोर्स असतात, आणि भाषेची परीक्षा म्हणजे शब्दकोश घेऊन दोन तासांत दोनेक पानांचा अनुवाद. क्रियापदांचे भूतकाळ आणि 'से' हा छोटा शब्द यांतच बहुतेकांचे गुण जातात. भाषाशिक्षणाची फ्लास ही सरकारी फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांना मिळते, एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी तिच्या अर्जात वेळ घालवू नये. विभागाकडे किंवा विद्यापीठाच्या लॅटिन अमेरिका केंद्राकडे उन्हाळी पैशांची चौकशी फेब्रुवारीतच करावी. उन्हाळ्यात मेक्सिकोला जाऊन शिकायचं असेल तर अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना तिथल्या छोट्या मुक्कामासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. निघण्याआधी आय-२० वर प्रवासाची सही मात्र घ्या, ती वर्षभर चालते. आणि ब्युनोस आयर्सच्या क्लाक्सो या संस्थेचं डिजिटल ग्रंथालय जरूर उघडा. एडगार्डो लँडर यांनी संपादित केलेला २००० चा ज्ञान आणि वसाहतिकता यांवरचा लेखसंग्रह तिथे फुकट आहे. इंग्रजी अनुवादाच्या चाळीस-पन्नास डॉलरच्या प्रती घेण्याआधी तिथे पाहावं.

आता संकल्पना. अनिबाल किहानो या पेरूच्या समाजशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकारंभी 'वसाहतिकता' मांडली, आणि २००० साली 'नेपान्त्ला' या नियतकालिकातल्या लांब लेखात ती पूर्ण केली. वसाहतवाद म्हणजे एका देशाची दुसऱ्यावरची राजकीय सत्ता, ती संपू शकते. वसाहतिकता म्हणजे त्या सत्तेने घातलेली माणसांची, श्रमाची आणि ज्ञानाची प्रतवारी, ती झेंडा उतरल्यावरही चालू राहते. बहुतेक जण इथे थांबतात आणि 'वसाहतवादाचा वारसा' असा ढिला अर्थ घेतात. किहानोचा दावा त्याहून टोकदार आहे. वंश ही प्रतवारी युरोपने अमेरिका खंड जिंकले त्यातून घडली, आणि गुलामी, वेठ, छोटं उत्पादन, मजुरी हे श्रमाचे सगळे प्रकार एकाच वेळी जागतिक बाजाराभोवती बांधले गेले, पण वंशानुसार वाटून: इंडियनांना (इथल्या मूलनिवाशांना) वेठ, आफ्रिकनांना गुलामी, पगारी काम मुख्यतः गोऱ्यांना. म्हणजे वेठबिगारी हा भांडवलशाहीच्या आधीचा उरलेला तुकडा नव्हे, ती तिचाच भाग. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणींतली 'मिता' ही सक्तीची पाळी डोळ्यांपुढे ठेवली की हा मुद्दा बसतो. किहानोच्या मागे पेरूचाच मार्क्सवादी विचारवंत मारियातेगी उभा आहे. पेरूमधला 'इंडियनांचा प्रश्न' शिक्षणाचा किंवा नीतीचा नाही, जमिनीचा आहे, हे त्याने १९२८ मध्येच लिहिलं होतं. मारियातेगी टाळून किहानो वाचू नये.

स्त्रीवादी तत्त्वज्ञ मारिया लुगोनेसने २००७ मध्ये किहानोला धरलं: वंश घडवलेला मानतोस, मग स्त्री-पुरुष ही विभागणी मात्र निसर्गाने दिलेली कशी? पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा समाजावरचं ओयेवुमीचं आणि मूलनिवासी समाजांवरचं पॉला गन ॲलनचं काम घेऊन तिने लिंगभावाची व्यवस्थाही वसाहतीत लादली गेली असं मांडलं. अर्जेंटिनात जन्मून मेक्सिकोत निर्वासित म्हणून आलेला एन्रिके दुसेल आधुनिकतेची सुरुवात १४९२ ला नेतो: देकार्तच्या 'मी विचार करतो' याच्या शंभरेक वर्षं आधी 'मी जिंकतो' आहे. वॉल्टर मिन्योलोने सीमेवरून विचार करण्याची कल्पना ग्लोरिया अंझाल्दुआच्या १९८७ च्या पुस्तकाशी जोडून पुढे नेली. मिन्योलो सगळ्यांत जास्त उद्धृत होतो, पण माझ्या मते तो शेवटी वाचावा. आधी वाचला की बाकी सगळे त्याच्याच चष्म्यातून दिसू लागतात.

त्यावरचा उतारा ला पाझमध्ये आहे. बोलिव्हियाच्या सिल्विया रिवेरा कुसिकान्की यांनी अमेरिकी विद्यापीठांतल्या या डिकलोनियल, म्हणजे वसाहतिकता मोडू पाहणाऱ्या अभ्यासकांच्या वर्तुळावर सरळ हल्ला चढवला आहे: दक्षिणेतल्या चळवळींचे विचार उचलायचे, नवा परिभाषाकोश बनवायचा आणि त्यावर पदं मिळवायची. त्यांची स्वतःची कल्पना 'चिखी' हा आयमारा या अँडीजमधल्या भाषेतला रंग: लांबून करडा, जवळून काळे-पांढरे ठिपके, एकमेकांत न विरघळलेले. भाभाच्या संकरतेला, म्हणजे दोन संस्कृतींच्या मिसळीच्या कल्पनेला, हे थेट उत्तर आहे. मराठी वाचकाला आणखी एक धागा महत्त्वाचा. भारतीय सबाल्टर्न इतिहासकारांचे निबंध १९९७ मध्ये त्यांनी आणि रोसाना बारागान यांनी बोलिव्हियात स्पॅनिशमध्ये आणले. दक्षिण आशिया आणि अँडीज यांचं बोलणं अमेरिकी विद्यापीठाला वळसा घालूनही झालेलं आहे, आणि तोंडी परीक्षेत हे सांगता येतं.

कॅरिबियन प्रवाह वेगळा वाचावा लागतो, कारण तिथे मूलनिवासी समाजाचा मोठा भाग फार लवकर नष्ट झाला आणि आजचा बहुसंख्य समाज बाहेरून, जहाजांतून आणलेला. फर्नांदो ओर्तिझने १९४० मध्ये क्यूबाची तंबाखू आणि साखर समोरासमोर ठेवून 'ट्रान्सकल्चरेशन' मांडलं: एक संस्कृती दुसरी गिळते असं नाही, दोन्हींचं काही हरवतं आणि तिसरं काही तयार होतं. मार्तिनिकचा एमे सेझेर १९५० मध्ये म्हणतो की युरोपने वसाहतींत वापरलेल्या पद्धतीच नाझींनी युरोपात आणल्या. त्याच बेटावरचा फॅनन (पुस्तकं १९५२ आणि १९६१ ची). त्याच्या पहिल्या पुस्तकाचे दोन इंग्रजी अनुवाद वापरात आहेत, मार्कमनचा आणि फिलकॉक्सचा. पानंच काय, प्रकरणांची नावंही वेगळी आहेत, म्हणून टिपणावर अनुवादकाचं नाव लिहाच. ग्लिसाँचा अपारदर्शकतेचा हक्क, म्हणजे समजून घेण्याच्या नावाखाली समोरच्याला उघडं पाडण्याची मागणी नाकारणं, याच बेटावरचा. हैतीच्या क्रांतीसाठी जेम्स (१९३८) आणि हैतीचाच अभ्यासक त्रूयो (१९९५) जोडीने घ्या. गुलामांची क्रांती त्या काळच्या युरोपला विचारातही मावत नव्हती, आणि ती इतिहासातून कोणत्या टप्प्यांवर गाळली गेली, हे त्रूयो दाखवतो: साधन तयार होताना, दप्तरात जमा होताना, त्यातून कथन रचताना, आणि शेवटी त्याला महत्त्व देताना. फ्रान्सने १८२५ मध्ये हैतीकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, ही एक गोष्ट माहीत असली की 'राजकीय स्वातंत्र्य पुरेसं नाही' हे वाक्य नुसतं वाक्य राहत नाही.

उत्तरेसाठी तीन मजकूर पुरतात. आक्रमण ही घटना नसून रचना आहे, हे मांडणारा ऑस्ट्रेलियाच्या पॅट्रिक वुल्फचा २००६ चा लेख. टक आणि यँग यांचा २०१२ चा चाळीस पानी निबंध. आणि डेने राष्ट्राचा ग्लेन कोल्थार्ड (२०१४), जो फॅननच्या आधारे 'मान्यता देण्याच्या' सरकारी राजकारणाची चिरफाड करतो. टक-यँग म्हणतात की डिकलोनायझेशन हे रूपक नाही, ते जमीन परत करणं आहे. हे वाचल्यावर 'अभ्यासक्रमाचं डिकलोनायझेशन' असे शब्द स्वतःच्या पेपरातून काढून टाकावेसे वाटतात, आणि बहुतेकदा काढावेतच.

याद्या २०२४ च्या वसंतात ठरल्या. आमच्याकडे तीन याद्या, प्रत्येकी तीसेक शीर्षकांच्या, आणि चार जणांची समिती. प्राध्यापक याद्या वाढवत नेतात. प्रत्येक नव्या पुस्तकामागे एक जुनं काढायचं, असं पहिल्याच भेटीत ठरवून घ्या आणि अंतिम यादी सगळ्यांच्या ईमेलवर 'मंजूर' असं उत्तर घेऊन गोठवा. समितीचा फॉर्म ग्रॅज्युएट स्कूलकडे आठवडेच्या आठवडे पडून राहू शकतो, म्हणून तो उन्हाळ्याआधी द्या. कुणी सबॅटिकलवर (संशोधनाच्या लांब रजेवर) जाणार आहे का, तेही आत्ताच विचारा. एफ-१ वर पूर्णवेळ नोंदणी लागतेच, आणि कोर्स संपल्यावर ती आपोआप होत नाही. परीक्षेच्या तयारीसाठी वेगळे क्रेडिट घ्यावे लागतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला हे सत्र सुरू होण्याआधी लेखी विचारा.

वाचनासाठी झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. ग्रंथालयात नसलेले लेख इंटरलायब्ररी लोनने बहुधा काही दिवसांत पीडीएफ म्हणून येतात. पुस्तकाला जास्त वेळ लागतो आणि ते लवकर परत मागतात, म्हणून आलं की ते आधी. प्रत्येक मजकुराचं एकच पान करावं: तो कुठे, कधी, कुणाच्या विरोधात लिहिला, कोणता पुरावा वापरला, आणि त्याला काय दिसत नाही. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण परीक्षक तिथूनच प्रश्न काढतात. उदाहरणार्थ किहानोच्या पानावर: लिंगभाव (लुगोनेस), विद्यापीठी ज्ञानाचं अर्थकारण (रिवेरा कुसिकान्की), आणि वस्तीसाठी मूलनिवाशांनाच हटवणारा उत्तरेचा नमुना, जिथे श्रमापेक्षा जमीन हवी होती (वुल्फ). अशी तीस पानं झाली की प्रश्न कोणताही येवो, लेखक एकमेकांशी भांडायला लागतात आणि उत्तर त्यातूनच लिहून होतं. हिवाळ्यात मध्येच सगळं विसरल्यासारखं वाटतं. ते जवळपास प्रत्येकाला वाटतं, तेव्हा नवं वाचन थांबवून फक्त ही पानं चाळावीत.

लेखी परीक्षा ७२ तासांची, घरून. तीन प्रश्न, प्रत्येकी दहा-बारा पानं. पहिले दोन तास फक्त आराखडा आणि कोणते मजकूर कोणत्या उत्तरात याची वाटणी, नाहीतर फॅनन तिन्हीकडे येतो आणि तोंडीत त्यावरूनच घेरतात. उद्धरणं आधीच पानांवर अनुवादकासह काढलेली असली तर संदर्भ शोधण्यात रात्र जात नाही. तोंडी परीक्षा नंतर दोनेक आठवड्यांनी, दोन तासांची. तिथे भारताचा प्रश्न येणारच. जात म्हणजे वंशच, असं सरसकट समीकरण मांडू नका. भक्कम दुवे थोडे आहेत, पण आहेत: फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत ड्यू बॉइसला पत्र लिहिलं. एवढं सांगून थांबावं. पुढचं विचारलं तर जमिनीच्या मालकीवर यावं, तिथे तुलना खरी पडते.

उत्तीर्ण झाल्यावर सह्यांचा फॉर्म त्याच दिवशी, समितीतले सगळे खोलीत असतानाच घ्यावा. तो ग्रॅज्युएट स्कूलकडे पोचल्यावरच कँडिडसीची (प्रबंध लिहायला पात्र ठरल्याची) नोंद होते, आणि काही विद्यापीठांत वेतनाचा दरही त्याच तारखेपासून बदलतो. मग आय-२० काढून त्यावरची शेवटची तारीख पाहा. प्रबंध तोवर संपणार नसेल, आणि बहुतेकांचा संपत नाही, तर मुदतवाढीचा अर्ज ती तारीख उलटण्याआधी मंजूर व्हायला हवा. त्यासाठी मार्गदर्शकाचं पत्र आणि पुढच्या वर्षाच्या पैशांचा पुरावा लागतो, म्हणून तीन-चार महिने आधीपासून मागे लागावं.